हजेरीपटावरची हिरवी खूण

'कमवा आणि शिका' योजनेत मला यंदा महाविद्यालयाच्या संगणक कक्षात काम मिळाले. तास संपले की दुपारी दोन तास तेथे बसायचे, धूळ पुसायची, यंत्रे चालू-बंद करायची आणि एक नोंदवही भरायची. कक्षात २० संगणक आहेत. सरांच्या टेबलावरील पडद्यावर त्या सर्वांची यादी दिसते व प्रत्येकापुढे त्याच्या अँटिव्हायरसची खूण असते. ठीक असेल तर हिरवी, बिघाड असेल तर तांबडी. मी रोज यादीवरून नजर फिरवून वहीत लिहीत असे, "सर्व हिरवे." कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे हे काम आहे, असे वाटून मी निश्चिंत होतो.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. कक्षात गर्दी होती, म्हणून एरवी बंद असणारा कोपऱ्यातला १७ नंबरचा संगणक चालू करून मी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीला दिला. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका असे सारे तिने तालुक्याला खेपा घालून जमवले होते आणि पेन ड्राइव्हमध्ये आणले होते. थोड्या वेळाने ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "दादा, माझ्या फायली गेल्या!" पाहतो तो प्रत्येक फोल्डरच्या जागी नुसता शॉर्टकट. हा व्हायरस मूळ फायली लपवतो आणि त्यांच्या नावाचा शॉर्टकट पुढे करतो. तो दाबला की फायलीबरोबर व्हायरसही चालू होतो. सरांनी दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावर पेन ड्राइव्ह स्वच्छ करून लपलेल्या फायली पुन्हा दिसत्या केल्या. अर्ज वेळेत गेला. पण माझ्या वहीत त्या दिवशीही "सर्व हिरवे" असेच लिहिलेले होते. सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू खूण पाहिलीस. संगणक पाहिलास का?"

त्यानंतर सरांनी मला जे समजावले, ते माझ्यासारख्यांसाठी येथे लिहितो. प्रत्येक संगणकावर दोन वेगवेगळे कार्यक्रम असतात. पहिला अँटिव्हायरस, तो पहारेकरी. दुसरा दूरव्यवस्थापनाचा एजंट, तो निरोप्या. निरोप्या ठरावीक वेळाने पहारेकऱ्याची खुशाली विचारतो आणि इंटरनेटवरून सर्व्हरला कळवतो. सर्व्हर ती यादीत मांडतो. या देवाणघेवाणीला सिंक म्हणतात. म्हणजे यादीतील खूण ही संगणकाची आजची स्थिती नव्हे, ती त्याच्याकडून आलेली शेवटची बातमी आहे. "आम्ही सर्व खुशाल आहोत" असे पोस्टकार्ड हाती पडावे आणि ते आठ दिवसांपूर्वीचे असावे, तसेच हे. आमच्या गावातही कागदावर टँकर येऊन गेलेला असतो आणि बाया हंडे घेऊन उभ्याच असतात. तरीही मी हिरव्या खुणेवर विसंबलो, याचे मला वाईट वाटले.

मग १७ ची खूण हिरवी कशी? सरांनी मला यादीतील ओळी मोजायला लावल्या. ओळी १९ भरल्या! मी इतके दिवस रंग पाहिले, पण मोजणी केली नव्हती. मागे १७ ची डिस्क बदलली, तेव्हा वेळ वाचावा म्हणून १४ च्या डिस्कची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवली होती. संगणकाचे नाव बदलले, पण निरोप्याचा आतील ओळख क्रमांक दोन्हीकडे एकच राहिला. सर्व्हरला दोघे मिळून एकच वाटत. १४ रोज चालू असे, म्हणून त्याचीच हिरवी बातमी त्या ओळीत दिसे. वर्गात मित्राच्या नावाला "हजर" म्हणणारे आपल्याला नवीन नाहीत. येथे १४ नंबर १७ ची हजेरी लावीत होता. प्रत्यक्षात १७ ची डिस्क कोणी उतरवून ठेवलेल्या सिनेमांनी भरली होती, अँटिव्हायरसची सुधारणा अर्धवट राहिली होती आणि पहारा बंद पडला होता.

यादीतील ओळ नुसती पुसून हा घोळ सुटत नाही, कारण ओळख क्रमांक संगणकातच असतो. दोन्ही संगणकांवरील एजंट काढून, जुनी ओळ पुसून, तो नव्याने बसवावा लागला. मग ओळी २० झाल्या.

याच्या उलट प्रकार ६ नंबरचा. तो पुढे तांबडा दिसू लागला. अँटिव्हायरस काढून पुन्हा घालावा, असे मला वाटले. सरांनी थांबवले आणि पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख दाखवली. संगणक कित्येक वर्षे मागे गेला होता! मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो. वीज नसताना घड्याळ त्यावर चालते. तो संपला होता. सर्व्हरच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. मागे पडलेल्या घड्याळाला ते अजून सुरूच न झालेले वाटते आणि निरोप्या जोडणी नाकारतो. पहारेकरी जागा होता, निरोपच जात नव्हता. सेल बदलला, तारीख लावली, खूण हिरवी झाली.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. प्रथम ओळी मोजायच्या. मग रंगाऐवजी शेवटच्या संपर्काची वेळ पाहायची. मग त्या संगणकाजवळ जाऊन अँटिव्हायरस चालू आहे का, त्याची व्हायरसची यादी कोणत्या तारखेची आहे, हे बघायचे. पुढे घड्याळ, डिस्कवरील मोकळी जागा आणि दोन अँटिव्हायरस एकत्र तर नाहीत ना, हे तपासायचे. तरीही सिंक होत नसेल तर एजंटची सेवा बंद करून पुन्हा सुरू करायची. त्यानेही भागले नाही, तर सरांच्या परवानगीने थोडा वेळ मोबाइलचे इंटरनेट जोडून पाहायचे. त्यावर सिंक झाले तर अडथळा आपल्या नेटवर्कच्या फायरवॉलमध्ये आहे. काढून पुन्हा बसवणे हा अगदी शेवटचा उपाय. पहारा जागा आहे की नाही, याची परीक्षाही घेता येते. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे. जागा अँटिव्हायरस तिला हटकतोच.

हे सारे एका लहान कक्षापुरते नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' जगभर पसरला आणि ब्रिटनमधील अनेक सरकारी रुग्णालयांचे काम अडले. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. उपाय निघणे वेगळे आणि तो प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचणे वेगळे.

आता माझ्या नोंदवहीत "सर्व हिरवे" हे शब्द नसतात. मी लिहितो, "ओळी २०, शेवटचा संपर्क आजचा, ३ संगणक प्रत्यक्ष पाहिले." यास दहा मिनिटे जास्त लागतात. पण त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर उद्या कोणीतरी आपले दाखले घेऊन बसणार आहे, हे मला ठाऊक आहे.