घसरगुंडीखालची जमीन

दक्षिण कोलकात्यात 'लेक' म्हणतात त्या तळ्याच्या आसपासच्या कुठल्याही बागेत संध्याकाळी पाचला जा. घसरगुंडीला इथे 'स्लिप' म्हणतात, झोपाळ्याला 'दोलना', आणि दोन्हींपुढे पोरांची ढकलाढकली चालू असते. बाकावरच्या आया-आज्यांच्या बोलण्यात काही समजुती हमखास येतात. आपल्या मराठी घरांतही त्याच चालतात.

'खाली मातीच आहे, काय लागणार?' ही सगळ्यांत पक्की. पण इथली माती गंगेच्या गाळाची, चिकण. श्रावणात तिचा चिखल होतो आणि चैत्रात तीच विटेसारखी होते. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या क्रीडांगण-पुस्तिकेत माती आणि गवत दोन्ही 'सुरक्षित पृष्ठभागा'त धरलेले नाहीत, कारण पावलांनी आणि ऋतूंनी ती घट्ट होतात. त्या पुस्तिकेप्रमाणे 9 इंच सुट्या वाळूचा थर साधारण 4 फुटांवरून पडलेल्या मुलाला सांभाळतो. लाकडाच्या ढलप्यांचा तेवढाच थर 10 फुटांपर्यंत. आणि हा थर खेळण्याच्या चारी बाजूंना किमान 6 फूट हवा. झोपाळ्याच्या पुढे-मागे त्याहून बराच जास्त.

वाळू टाकली की काम संपलं, असंही नाही. झोपाळ्याखाली पाय घासून घासून खळगा पडतो, म्हणजे जिथे वाळू सर्वांत जास्त हवी तिथेच ती नसते. पावसाळ्यात त्या खळग्याचं डबकं होतं. पूजेचा मंडप उतरल्यावर तर बांबूंचे खड्डे आणि खिळे बघूनच पोरांना सोडावं. एखादी काडी वाळूत खुपसून पाहा, किती आत जाते ते. मी पाहिली, दोन बोटं गेली आणि खाली टणक लागलं.

'मी जवळच उभी आहे.' असावंच, लक्ष ठेवल्याने धक्काबुक्की थांबते. पण 6 फुटांवरून सुटलेलं मूल 0.6 सेकंदात जमिनीवर असतं, ताशी 21 किलोमीटरच्या वेगाने. तेवढ्यात 'अरे!' एवढंच तोंडातून निघतं.

सर्वांत अनपेक्षित गैरसमज प्रेमातून आलेला आहे: लहानग्याला मांडीवर घेऊन घसरलं की ते सुरक्षित. उलट आहे. एकट्या मुलाचा बूट कडेला अडकला तर ते बहुतेक वेळा थांबतं. मांडीवर असेल तर मोठ्या माणसाचं वजन त्याला तसंच खाली रेटतं, पाय मात्र मागेच राहतो आणि नडगीचं हाड पिळून मोडतं. अमेरिकेतल्या घसरगुंडीच्या अपघातांच्या एका पाहणीत, 2002 ते 2015 या काळात सहा वर्षांखालची साडेतीन लाखांवर मुलं जखमी झाली होती. त्यांत 12 ते 23 महिन्यांची सर्वांत जास्त. ज्याला एकट्याने बसता येत नाही, त्याने थांबावं. त्याच्यासाठी वाळू आहेच.

'बोटं हलतायत, म्हणजे मोडलं नाही.' मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं अर्धवट चिरतं, आणि हात तरीही हलतो. आडव्या दांड्यांवरून हात टेकून पडलेल्या पाच-सात वर्षांच्या मुलाचं कोपराजवळचं हाड मोडणं फार नेहमीचं. तिथूनच रक्तवाहिनी आणि नसा जातात. म्हणून चोळायचं नाही, ओढायचं नाही, 'बसवून' घ्यायचं नाही. हात आहे त्याच स्थितीत ओढणीने बांधा आणि एक्स-रे काढायला न्या. बोटं गार, फिकट किंवा बधिर झाली तर एक मिनिटही घालवू नका.

डोक्याला मार लागल्यावर 'झोपू देऊ नका' हेही अर्धंच खरं. झोप स्वतः अपाय करत नाही. मूल नेहमीसारखं जागं होत नसेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, चालताना झोकांड्या जात असतील किंवा आकडी आली, तर थेट रुग्णालय.

मघाच्या त्या दोन बोटं वाळूबद्दल बागेच्या माळ्याला विचारलं. तो 'कोदाल' घेऊन आला. मला वाटलं, कुदळ आणणार. बंगालीत कोदाल म्हणजे आपलं फावडं निघालं. त्याने कडेला साचलेली वाळू ओढून झोपाळ्याखालचा खळगा भरला. दहा मिनिटं लागली. पोरं तोवर रांगेत कुरकुरत उभी होती.