विमानं मोजली, माणसं मोजायची राहिली

मे २०१२मध्ये एअर इंडियाचे वैमानिक एकामागून एक आजारपणाची रजा टाकू लागले. बघता बघता चारशेहून अधिक जण कामाबाहेर गेले. अमेरिका आणि युरोपला जाणारी उड्डाणं रद्द होऊ लागली. दिल्ली उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली, व्यवस्थापनाने शंभरावर वैमानिकांना बडतर्फ केलं आणि त्यांच्या ‘इंडियन पायलट्स गिल्ड’ या संघटनेची मान्यता काढून घेतली. तरीही संप ५८ दिवस चालला आणि जुलैच्या सुरुवातीला न्यायालयातच मिटला.

त्या दिवसांत एकच सूर ऐकू येत होता: लाखांनी पगार घेणाऱ्या या लोकांना आणखी हवंय तरी काय? या संपाच्या मुळाशी मात्र पगारवाढ नव्हती. वाद होता बोइंग ७८७ ड्रीमलायनरचा आणि ते विमान तेव्हा एअर इंडियाच्या ताफ्यात आलंही नव्हतं. पहिलं ड्रीमलायनर दिल्लीत उतरलं सप्टेंबर २०१२मध्ये, संप मिटल्यावर दोन महिन्यांनी. न आलेल्या विमानासाठी माणसं नोकरी पणाला का लावतात, हे समजलं तर भारतीय विमान वाहतुकीत पुन्हा पुन्हा उसळणारे तंटेही समजतात.

क्रमांक ठरवतो आयुष्य

वैमानिकाकडे व्यावसायिक परवाना असला म्हणून त्याला कोणतंही विमान उडवता येत नाही. विमानाच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळं टाइप रेटिंग लागतं. म्हणजे वर्गातलं शिक्षण, सिम्युलेटरवरची परीक्षा आणि त्यानंतर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली प्रवासी उड्डाणं. को-पायलटचा कमांडर व्हायला वरचा परवाना लागतो आणि त्यासाठी किमान १,५०० तासांच्या उड्डाणाची अट आहे. प्रत्यक्षात बढती त्याहून बरीच उशिरा मिळते, कारण कमांडरची जागा रिकामी व्हावी लागते किंवा नवी विमानं यावी लागतात.

ती जागा कुणाला मिळणार, हे ज्येष्ठता यादी ठरवते. यादीत वर असलेला माणूस आधी मोठ्या विमानावर जातो आणि आधी कमांडर होतो. मोठ्या विमानाबरोबर लांबचे मार्ग येतात, जास्त भत्ते येतात. त्यामुळे कंपनी कोणती विमानं, किती आणि कधी घेते, यावर शेकडो कुटुंबांचं पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं गणित ठरत असतं. वैमानिक ताफ्याच्या नियोजनाबद्दल इतक्या पोटतिडकीने बोलतात, ते यामुळेच.

आता एअर इंडियाची गोष्ट पाहा. २००६च्या सुमारास एअर इंडियाने बोइंगकडे ६८ आणि इंडियन एअरलाइन्सने एअरबसकडे ४३ विमानांची मागणी नोंदवली. एकूण १११. पुढच्याच वर्षी, २००७मध्ये, दोन्ही कंपन्या एक केल्या गेल्या. कागदावर कंपनी एक झाली, पण वैमानिकांच्या याद्या, पगार आणि संघटना दोनच राहिल्या. एका कॉकपिटकडे जाणारे दोन रस्ते तयार झाले.

२०११च्या एप्रिलअखेरीस जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी दहा दिवस संप केला. त्यांना एअर इंडियाच्या वैमानिकांइतकं वेतन हवं होतं आणि कारभाराची चौकशीही हवी होती. त्याच वर्षी महालेखापरीक्षकांनी या विमान खरेदीवर आणि कर्जावर उभ्या राहिलेल्या तिच्या आर्थिक पायावर कडक ताशेरे ओढले. सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली. तिचा अहवाल २०१२च्या सुरुवातीला आला, पण तोवर ड्रीमलायनर दाराशी येऊन ठेपलं होतं. प्रशिक्षणाच्या जागा दोन्ही गटांत वाटायचं व्यवस्थापनाने ठरवलं. गिल्डचं म्हणणं असं, की ही विमानं विलीनीकरणाआधी एअर इंडियाने मागवली, लांब पल्ल्याचा अनुभव आमचा आणि आमच्याकडे बढतीही उशिरा मिळते, म्हणून पहिला हक्क आमचा.

हा हट्ट मला पटत नाही. विलीन झालेल्या कंपनीत एखाद्या विमानावर एकाच गटाची मक्तेदारी असू शकत नाही. पण त्यांची भीती खरी होती आणि ती विलीनीकरणाच्या दिवशीच दूर करायला हवी होती.

योगायोगाने त्याच २००७ सालात अमेरिकेने याच प्रश्नावर कायदा केला. २००१मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या अनेक वैमानिकांना यादीच्या तळाशी ढकललं गेलं होतं. वर्षानुवर्षांची सेवा पुसली गेली. त्या संतापातून मॅकॅस्किल-बाँड कायदा आला. कंपन्या विलीन होताना ज्येष्ठता याद्या न्याय्य पद्धतीने एकत्र कराव्यात आणि एकमत झालं नाही तर लवादाचा निर्णय बंधनकारक असावा, असं तो सांगतो. तिथल्या मोठ्या कंपन्यांचे वैमानिक एक पाऊल आणखी पुढे आहेत. प्रादेशिक कंपन्यांकडे किती आसनांपर्यंतची विमानं सोपवता येतील, याची मर्यादाच त्यांच्या करारात असते. साधारणपणे ती ७६ आसनांची आहे. म्हणजे ताफ्याचं नियोजन हा तिथे वाटाघाटीचा विषय आहे.

सत्तर तास की चाळीस?

वैमानिकाच्या पगारातला मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर मिळतो. पण महिन्याला किती उड्डाणं मिळणार, हे त्याच्या हातात नसतं. म्हणून ठरावीक तासांचे पैसे हमखास मिळण्याची तरतूद असते. विमान हँगरमध्ये उभं राहिलं तरी तेवढी रक्कम मिळते.

टाटांनी जानेवारी २०२२मध्ये एअर इंडिया ताब्यात घेतल्यानंतर नव्या वेतनरचनेत ही हमी ७० तासांवरून ४० तासांवर आली. २०२३मध्ये एअर इंडियाच्या दोन्ही जुन्या संघटनांनी तिला विरोध केला. २०२४मध्ये एअर इंडियात विलीन होण्याच्या तोंडावर हीच रचना विस्तारा या कंपनीच्या वैमानिकांपुढे आली, तेव्हा पुन्हा आजारपणाच्या रजा सुरू झाल्या. एप्रिलमध्ये विस्ताराला रोजची २५ ते ३० उड्डाणं कमी करावी लागली.

सत्तर आणि चाळीस यांतल्या तीस तासांचा अर्थ नीट पाहायला हवा. गेल्या काही वर्षांत प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या दोषांमुळे भारतातली कितीतरी एअरबस विमानं जमिनीवर उभी राहिली. गो फर्स्टने मे २०२३मध्ये कारभार थांबवला, तेव्हा याच इंजिनांना दोष दिला. कारखान्यातून विमानं वेळेवर येत नाहीत, तोवर नव्याने भरती झालेले वैमानिक घरी बसून राहतात. हमी सत्तर तासांची असेल तर या चुकीचा भार कंपनी उचलते. हमी चाळीसवर आली की तोच भार वैमानिकाच्या घराच्या हप्त्यावर जातो. ताफ्याचं नियोजन फसलं तर किंमत कुणी मोजायची, असा हा प्रश्न आहे.

कंपन्यांची बाजूही खोटी नाही. इंधन महाग, विमानांची भाडी डॉलरमध्ये, नफा तुटपुंजा. किंगफिशर बुडाली, जेट एअरवेज एप्रिल २०१९मध्ये थांबली आणि वैमानिकांचे महिनोन्महिन्यांचे पगार थकले. बुडणारी कंपनी कुणालाच हमी देऊ शकत नाही. म्हणूनच हा हिशेब दोघांनी मिळून, आकडे समोर ठेवून करायला हवा.

विश्रांतीचा हिशेब

डिसेंबर २०२५मध्ये हा हिशेब न केल्याचे परिणाम लाखो प्रवाशांनी भोगले. वैमानिकांच्या थकव्याबद्दलचे नवे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४मध्येच जाहीर केले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. विमान कंपन्यांनी मुदत मागितली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी नियम दोन टप्प्यांत आले: जुलै आणि नोव्हेंबर २०२५. दुसरा टप्पा सुरू होऊन महिना होतो न होतो तोच इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. नियोजनात आपण चुकल्याचं कंपनीनेही मान्य केलं. सरकारने मार्ग काढला तो नियम शिथिल करून. रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून इंडिगोला फेब्रुवारीपर्यंत सवलत मिळाली.

पहाटे तीन वाजता पावसात धावपट्टी शोधणाऱ्या माणसाची झोप ही सवलत देण्याची गोष्ट नाही. जवळपास दोन वर्षांचा अवधी होता. तेवढ्यात माणसं घेता आली असती.

बोलायची जागा कुठे आहे?

भारतातल्या वैमानिकांची नाराजी जवळजवळ प्रत्येक वेळी आजारपणाच्या रजेतून का व्यक्त होते? कारण बोलण्याचे दुसरे रस्ते अरुंद आहेत. २००९मध्ये जेटच्या वैमानिकांनी ‘नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड’ स्थापन केली, तेव्हा पुढाकार घेणाऱ्यांना नोकरीवरून काढलं गेलं आणि मग पाच दिवस उड्डाणं विस्कळीत झाली. राजीनामा द्यायचा तरी २०१७पासून कमांडरला वर्षभराची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली, तर तो संपच मानला जातो आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची आहे.

प्रवाशांच्या दृष्टीने हे बंधन मला योग्य वाटतं. आजारी मुलाला उपचारासाठी घेऊन निघालेल्या आईला विमानतळावर अडकवून कुणाचा न्याय होत नाही. पण शांतपणे बोलण्याची जागा दिल्याशिवाय नुसतं दार बंद केलं, तर असंतोष आतच साठतो. त्याच संहितेत ५१ टक्के पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा अधिकार देण्याचीही तरतूद आहे. विमान कंपन्यांनी या तरतुदीच्या मूळ हेतूप्रमाणे वागायला हवं.

हे तातडीचं आहे, कारण पुढचा पसारा फार मोठा आहे. एअर इंडियाने २०२३मध्ये ४७० विमानांची, इंडिगोने एकाच करारात ५०० विमानांची मागणी नोंदवली. येत्या १५-२० वर्षांत देशाला ३० हजार वैमानिक लागतील, असं सरकारच सांगतं. गोंदिया आणि बारामतीच्या विमानतळांवर मुलं-मुली शिकत आहेत, अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. या शिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटीच्या पुढे जातो. त्यासाठी शेत किंवा घर गहाण टाकणाऱ्या आई-बापांना पुढे काय मिळणार, हे ठाऊक असायला हवं.

त्यासाठी तीन गोष्टी करता येतील. कंपन्या विलीन होताना ज्येष्ठता यादीचा निर्णय आधी व्हावा, विलीनीकरण नंतर. विमान खरेदीबरोबरच प्रत्येक विमानामागे किती वैमानिक आणि ते कधी तयार होणार, याचा आराखडा महासंचालनालयाने मागवावा आणि जाहीर करावा. आणि विश्रांतीचे नियम कुणाच्याही सोयीसाठी सैल करू नयेत.

वाचकांनाही एक विनंती. शेकडो विमानांच्या नव्या खरेदीची बातमी वाचाल, तेव्हा आकड्याने भारावून जाण्याआधी एवढं विचारा: ती उडवणारी माणसं किती, त्यांना झोप किती आणि त्यांच्याशी कुणी बोललं आहे का? या प्रश्नांची उत्तरं मागण्याचा पूर्ण अधिकार तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आहे.