जुन्या दुनळी बंदुकीचं तोंड एवढं अरुंद का असतं? छोट्या बोअरमधल्या 'टाइट चोक'ची गोष्ट

निवडणुकीची आचारसंहिता लागली की छत्रपती संभाजीनगर असो, जालना असो की बीड, एक बातमी हमखास येते. परवानाधारकांनी आपली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावीत. सरसकट सगळ्यांनाच ती जमा करावी लागत नाहीत, कुणी करायची ते छाननी समिती ठरवते. पण त्या निमित्ताने वर्षानुवर्षं कपाटात पडून असलेल्या बंदुका बाहेर येतात. यातल्या काही आजोबा-पणजोबांच्या काळातल्या विलायती दुनळी असतात. परवान्यावर त्यांच्यापुढे 'डीबीबीएल' असं लिहिलेलं असतं, म्हणजे डबल बॅरल ब्रीच लोडिंग. सोप्या भाषेत, मागून काडतूस भरायची दोन नळ्यांची बंदूक.

बहुतेक बंदुका बारा बोअरच्या असतात. पण अधूनमधून सोळा, वीस, अठ्ठावीस बोअरची, नाहीतर '.४१०'ची नाजूक बंदूक निघते. अशा जुन्या छोट्या बंदुकीची नळी मोजली तर अनेकदा एक गोष्ट दिसते. नळी टोकाला आवळलेली असते, तीही अगदी घट्ट. कधी कधी दोन्ही नळ्या.

हा काही बिघाड नाही. या आवळण्याला 'चोक' म्हणतात, आणि तो मुद्दाम केलेला असतो.

आधी बोअरचा आकडा समजून घेऊ, कारण तो उलटा चालतो. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे १२ गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. २० गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बाराच्या नळीपेक्षा अरुंद. बारा बोअरचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, सोळाचा १६.८, वीसचा १५.६ आणि अठ्ठावीसचा १४ मिलिमीटर. '.४१०' मात्र या हिशोबात बसत नाही. तो सरळ इंचातला व्यास आहे, म्हणजे १०.४ मिलिमीटर.

आता चोक. छऱ्याच्या बंदुकीतून एक गोळी सुटत नाही, शेकडो छरे सुटतात आणि पुढे जाता जाता पसरतात. नळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत व्यास थोडा कमी केला की छरे जास्त अंतरापर्यंत एकत्र राहतात. बागेत पाणी देताना पाइपचं तोंड अंगठ्याने दाबतो, तसं काहीसं. किती कमी? बारा बोअरच्या 'फुल चोक'ला साधारण एक मिलिमीटर, बस्स. वीस बोअरला तेच काम सहा दशांश मिलिमीटरमध्ये होतं आणि '.४१०'ला चार दशांशाच्या आसपास. म्हणूनच अर्धा मिलिमीटर आवळलेली नळी बारा बोअरमध्ये 'हाफ चोक' ठरते, पण वीस बोअरमध्ये जवळपास फुल. नुसतं मिलिमीटरचं माप सांगून काही कळत नाही, ते कुठल्या बोअरचं आहे हे आधी विचारावं लागतं.

खरी परीक्षा कागदावर होते. ४० यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, कागद लावायचा, गोळी झाडायची आणि ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छरे पडले ते मोजायचं. ७० टक्क्यांच्या आसपास असतील तर फुल चोक. ६० म्हणजे हाफ, ५० म्हणजे इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, आणि अजिबात न आवळलेल्या नळीला साधारण ४० टक्के.

मग छोट्या बंदुकांनाच एवढा घट्ट चोक का दिला? इथे एक गैरसमज आडवा येतो. छोटी नळी म्हणजे छरे लहान वर्तुळात जाणार, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. वर्तुळ किती पसरेल हे मुख्यतः चोक ठरवतो, बोअर नाही. छोट्या बोअरची अडचण वेगळीच आहे. तिच्यात छरेच कमी मावतात.

हिशोब करून बघू. इंग्लिश मापाचे सहा नंबरचे छरे एका औंसात साधारण २७० भरतात. बारा बोअरच्या जुन्या गेम काडतुसात एक औंसाहून थोडा जास्त माल असायचा, म्हणजे २८७ छरे. वीस बोअरमध्ये सात अष्टमांश औंस, म्हणजे २३६. '.४१०'च्या अर्ध्या औंसात फक्त १३५. आता बारा बोअरला हाफ चोक असेल तर ४० यार्डांवर वर्तुळात १७२ छरे पडतील. वीस बोअरमधून जवळपास तेवढे पाडायचे तर फुल चोकच लागतो, तेव्हा कुठे १६५ होतात. '.४१०'ला फुल चोक देऊनही हा आकडा ९५ वर अडकतो. छोट्या बंदुकीकडून मोठीचं काम करून घ्यायचं, तर तिचं तोंड आवळण्याशिवाय कारागिराच्या हातात फारसं काही नव्हतं.

दुसरं कारण काडतुसात आहे. त्या काळची काडतुसं कागदी. आत दारू, तिच्यावर नमद्याची किंवा पुठ्ठ्याची चकती, मग मऊ शिशाचे उघडे छरे आणि वर पुन्हा एक पुठ्ठ्याची चकती. बार उडाला की कडेचे छरे नळीच्या भिंतीला घासून चपटे व्हायचे. चपटा छरा सरळ जात नाही, भरकटतो. त्यातच वरची चकती मधे आली की छऱ्यांच्या झुंडीत भोक पडायचं. अरुंद नळीत छऱ्यांचा थर उंच असतो, त्यामुळे तिथे घासणारे छरे प्रमाणाने जास्त. हा तोटा गृहीत धरूनच कारागीर चोक घट्ट ठेवायचे.

नंतर १९६०च्या दशकात प्लास्टिकच्या पेल्यात छरे भरायची पद्धत आली. छरे नळीला घासायचे थांबले. वरची चकती गेली, काडतुसाचं तोंड घडी घालून बंद व्हायला लागलं. म्हणजे बंदूक तीच, चोक तोच, पण नव्या काडतुसाने ती पूर्वीपेक्षा घट्ट मारायला लागली. तिच्या मूळ मालकाला कधी मिळाला नसेल असा पॅटर्न तिला आज मिळू शकतो. जवळच्या अंतरावर याचा त्रासच होतो. २० यार्डांवर साध्या नळीचे छरे साधारण ८० सेंटिमीटरभर पसरतात, तर फुल चोकचे ४० सेंटिमीटरमध्ये. नेम जरा चुकला की सगळंच चुकलं.

जवळच्या पक्ष्यावर नेम बसला तरी पंचाईत, कारण पक्ष्याचं काही उरत नाही. हा मुद्दा फक्त शिकाऱ्यांचा नव्हता. आपल्या शहरात दिल्ली गेटजवळ ज्यांच्या नावाचं सरोवर आहे, त्या डॉ. सलीम अलींची सुरुवातही बंदुकीपासूनच झाली. लहानपणी एअरगनने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, ही गोष्ट अनेकांना माहीत असते. पण १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं हे कमी जणांना ठाऊक असतं. तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा त्याच संस्थानात होता. त्या काळी पक्षी नेमका कोणता हे ठरवायला नमुना हातात लागायचा. तो पाडायचा, पण पिसं शाबूत ठेवून. म्हणून नमुने गोळा करणारे लोक छोट्या बोअरची बंदूक आणि धुळीसारखे बारीक छरे पसंत करायचे. आज हे वाचायला विचित्र वाटतं, पण संग्रहालयांमधले जुने पक्षी तिथे असेच पोहोचलेत.

चोकचा शोध नेमका कुणाचा यावर इंग्लंड-अमेरिकेत पूर्वीपासून भांडण आहे. न्यूकॅसलच्या डब्ल्यू. आर. पेपने १८६६ मध्ये पेटंट घेतलं, अमेरिकन लोक फ्रेड किंबलचं नाव घेतात. लोकप्रिय केला तो बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने, १८७५च्या जाहीर चाचण्यांमध्ये. त्याच वर्षापासून ब्रिटिश प्रूफ हाउस चोकवाल्या नळ्यांवर 'नॉट फॉर बॉल' असा ठसा मारायला लागलं. अर्थ सरळ आहे, या नळीतून अखंड गोळा झाडू नका. १८८७ नंतर त्याजागी 'चोक' हा शब्द आला.

हिंदुस्थानात हा ठसा फार महत्त्वाचा होता. इथे एकाच फेरीत तित्तरही समोर यायचा आणि बिबट्याही, त्यामुळे एका नळीत छरे आणि दुसरीत गोळा भरायची सवय होती. घट्ट चोकमध्ये बेताचा न बसणारा गोळा अडकला तर नळी फुगते किंवा फाटते. यावर तोडगा काढला तो हिंदुस्थानात लढलेल्या कर्नल फॉस्बेरीने. १८८५ मध्ये त्याने नळीच्या फक्त शेवटच्या टोकाला आटे पाडायची कल्पना पेटंट केली. हॉलंड अँड हॉलंडने ती 'पॅराडॉक्स' नावाने विकली. छरेही चालतात, गोळीही चालते.

आता मुद्द्याचं. अशी बंदूक आज तुमच्या घरात असेल तर?

पहिली गोष्ट, चोक मोकळा करून घ्यायचा मोह आवरा. परदेशात हे सर्रास होतं, आतून धातू खरवडून काढतात. पण काढलेला धातू परत लावता येत नाही, छोट्या बोअरच्या जुन्या नळ्या आधीच पातळ असतात, आणि मूळ चोक गेला की किंमतही पडते. खासगी व्यक्तींसाठी बंदुकांची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे, त्यामुळे इथे आहे तेवढाच माल आहे. शिवाय शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती आणि चाचणी हीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. गल्लीतल्या लेथवाल्याकडे नेणं म्हणजे दोघांवरही गुन्हा. नळी कापणं तर कलम ६ खाली थेट वेगळा गुन्हा आहे, आणि टोक कापलं की चोकही त्याच्यासोबत गेलाच.

दुसरी गोष्ट काडतुसाची. जुन्या सोळा-वीस बोअरच्या अनेक बंदुकांचं चेंबर अडीच इंची असतं, आजची बरीच काडतुसं पावणेतीन इंची. बसलं म्हणून चाललं असं होत नाही, कारण झाडल्यावर काडतुसाचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. पोलादी छऱ्यांपासूनही लांब राहा. पाणपक्ष्यांना शिशाची विषबाधा होते म्हणून अमेरिकेने १९९१ मध्ये त्यांच्या शिकारीत शिसं बंद केलं आणि पोलाद आलं, पण शिसं दबतं, पोलाद दबत नाही. पातळ नळीच्या घट्ट चोकमध्ये ते घुसलं की टोकाला कडं उमटतं. आपल्याकडे नाथसागरावर शिकारीचा प्रश्नच नाही, ते १९८६ पासून अभयारण्य आहे आणि वन्यजीव कायदा तर १९७२ पासून आहे. शेतात रानडुक्कर घुसलं तरी वन खात्याच्या परवानगीशिवाय बार टाकता येत नाही.

आणि घरात बारा आणि वीस अशा दोन्ही बंदुका असतील तर काडतुसं एका पिशवीत कधीच ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्या नळीत टाकलं तर ते चेंबरमधून पुढे सरकून मध्येच अडकतं. वरून नळी रिकामी दिसते. मग कुणीतरी मागून बाराचं भरतो आणि चाप ओढतो. हाताजवळ नळी फुटण्याचे अपघात असे होतात. वीसचं काडतूस पिवळं करायची पद्धत याच कारणाने पडली.

परवानाधारक वारला असेल तर बंदूक घरात 'आठवण' म्हणून ठेवता येत नाही. कलम २१ नुसार ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाने आलेली धरून. जमा करायच्या आधी नळ्यांच्या खालच्या सपाट भागावरचे ठसे वाचून त्यांचा फोटो काढून ठेवा. परवान्यावर बोअर आणि नंबर असतो, चोक लिहिलेला नसतो.