सुत्त, भाणवार आणि संगणकीय ग्रंथविभाजन

पालि वाङ्मयात ग्रंथविभागणीचे दोन मार्ग दिसतात. सुत्त हा अर्थाचा विभाग होय. भाणवार हा पठणाचा. परंपरेने एका भाणवाराचे प्रमाण ८,००० अक्षरे, म्हणजे ३२ अक्षरांच्या २५० गाथांइतके मानले जाते. दीघनिकायात सुत्ते ३४ आहेत, भाणवार मात्र ६४. एकट्या महापरिनिब्बानसुत्ताचे सहा भाणवार होतात. पठणासाठी सुत्त थांबवावे लागले, तरी सुत्ताची ओळख भाणकांनी मोडू दिली नाही. आज जो अभ्यासक हे ग्रंथ संगणकावर आणू पाहतो, त्याच्यापुढे हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो.

एक्सएमएल पद्धतीत मजकुराच्या प्रत्येक घटकाला त्याच्या कार्यानुसार खूण केली जाते. ग्रंथांसाठी अशा खुणांचा डॉकबुक हा संच १९९१ पासून विकसित होत आला. त्यात निकायाला ‘बुक’, वग्गाला ‘पार्ट’, सुत्ताला ‘चॅप्टर’ आणि सुत्तातील उपविभागाला ‘सेक्शन’ अशी खूण देता येते. मूळ संहिता एकच राहते. वाचकाच्या हाती पडणाऱ्या एचटीएमएल फाइली किती व कोठे पाडावयाच्या, हे शैलीपत्रक ठरविते.

येथे ‘चंक.सेक्शन.डेप्थ’ हे मूल्य महत्त्वाचे आहे. ते मुळात १ असते. त्यामुळे प्रत्येक सुत्ताबरोबर त्यातील वरच्या पातळीचा प्रत्येक उपविभागही स्वतंत्र फाइलीत जातो. अपवाद पहिल्याचा, ‘चंक.फर्स्ट.सेक्शन्स’ हे मूल्य ० असल्याने तो सुत्ताच्या आरंभाबरोबरच राहतो. परिणामी निदान आणि पहिला उपविभाग एकत्र, तर उपदेशाचा उर्वरित भाग विखुरलेला, अशी स्थिती होते. उपदेश कोठे, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी केला, हे निदानातच असते; ते न वाचता मधलेच वचन उचलले, तर अर्थाचा अनर्थ होऊ शकतो. म्हणून सामान्यतः हे मूल्य ० करावे, म्हणजे एक सुत्त, एक फाइल असा मेळ बसतो. महापरिनिब्बानसुत्तासारखे दीर्घ सुत्त तेवढे भाणवारांनुसार विभागावयाचे असेल, तर ‘चंकटॉक’ या शैलीपत्रकाला कोणत्या घटकांच्या स्वतंत्र फाइली कराव्यात, याची हाताने तयार केलेली यादी देता येते.

दुसरी बाब फाइलीच्या नावाची. मूळ व्यवस्थेत नाव क्रमावरून ठरते. मध्ये एक प्रकरण वाढले की पुढची नावे बदलतात आणि इतरांनी दिलेले संदर्भ चुकतात. ‘यूज.आयडी.अ‍ॅज.फाइलनेम’ हे मूल्य १ केल्यास सुत्ताला दिलेले ओळखचिन्ह हेच फाइलीचे नाव होते. ते एकदा ठरले की बदलू नये. ग्रंथांतर्गत संदर्भ ओळखचिन्हाने दिलेले असतील, तर विभागणी बदलूनही ते तुटत नाहीत. शैलीपत्रक नवा पत्ता स्वतः शोधते.

मुद्रित आवृत्तीचे पृष्ठांक मात्र विभागणीचा आधार नव्हेत. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या छट्ठ संगायन संहितेत निरनिराळ्या आवृत्त्यांच्या पृष्ठखुणा मजकुरातच घातलेल्या आहेत. त्यामुळे फाइल कोठेही संपली, तरी पालि टेक्स्ट सोसायटीच्या पृष्ठावरून दिलेला संदर्भ शोधता येतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासही हे लागू आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली प्रकाशित झाला. त्याचे आठ खंड असून खंडाखाली भाग, प्रकरणे व क्रमांकित विधाने अशी रचना आहे. विधानांचे क्रमांक प्रत्येक प्रकरणात नव्याने सुरू होतात. प्रकरणाचे शीर्षक एका फाइलीत आणि विधाने दुसरीत गेली, तर केवळ ‘विधान ५’ या निर्देशाला अर्थ उरत नाही. खंड, भाग व प्रकरण यांचे क्रमांक ओळखचिन्हात गुंफले, तर वाचकाला विधानापासून त्याच्या संपूर्ण संदर्भापर्यंत परत जाता येते. संहितेच्या संपादकाने फाइली पाडण्यापूर्वी ही परतीची वाट पाहून घ्यावी.