एका फळ्यावर दोन खडू

एकाच फळ्यावर दोघांनी एकाच वेळी लिहायला घेतले तर काय होईल? दोघे शेजारी उभे असतील तर फारसे बिघडणार नाही. एकाचा हात पुढे आला की दुसरा आपला हात मागे घेईल, "थांब जरा, एवढी ओळ पुरी करतो," असे म्हणेल, आणि काम पुढे चालेल. पण आता अशी कल्पना करा की फळे दोन आहेत. एक या गावात, दुसरा शंभर कोसांवर. इकडे जे लिहावे ते तिकडे आपोआप उमटते आणि तिकडचे इकडे. लिहिणाऱ्यांना एकमेकांचा हात दिसत नाही, आणि अक्षर उमटायला थोडा वेळ लागतो. कधी पापणी लवण्याइतका, तर कधी दोन-तीन सेकंद. तेवढ्या वेळात दोघांनीही खडू चालवला, तर दोन्ही फळ्यांवर शेवटी एकच मजकूर राहील याची हमी कोण देणार?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. संगणकासाठी आज्ञावली, म्हणजे आपण ज्याला प्रोग्राम म्हणतो तो, लिहिणारी मंडळी आज अशा जोडफळ्यावर काम करतात. आणि हा फळा नीट चालतो की नाही, हे तपासण्याचे कामही त्यांनी यंत्राकडेच सोपवलेले असते. ते कसे, आणि त्यात खरी मेख कुठे आहे, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

प्रोग्राम लिहिण्यासाठी संगणकावर जी पाटी वापरतात तिला एडिटर म्हणतात. 'एक्लिप्स' हा असाच एक प्रसिद्ध एडिटर. आयबीएम कंपनीने तो २००१ साली सर्वांना खुला केला. सायकलीला आपण मागाहून दिवा किंवा कॅरिअर बसवतो ना, तसे या एडिटरला जादा भाग बसवता येतात. त्या जादा भागाला प्लगइन म्हणायचे. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत २००६ साली एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून एक्लिप्ससाठी असेच एक प्लगइन तयार झाले. त्याचे नाव 'सारोस'. दोन प्रोग्रामकारांनी एका टेबलाशी बसून, एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने पाहायचे, अशी कामाची एक रीत आहे. एकट्याच्या नजरेतून सुटलेली चूक दुसऱ्याच्या नजरेत येते, हा तिचा फायदा. पण दोघे दोन गावांत असले म्हणजे काय करायचे? सारोसने ही रीत तारेवरून चालवण्याची सोय केली.

आता अडचण कुठे येते ते पाहा. दोन्ही पडद्यांवर 'गरज' हा शब्द आहे. एका पडद्यापुढे अ‍ॅलिस बसली आहे, दुसऱ्यापुढे बॉब. अ‍ॅलिसने शब्दाच्या आरंभी 'म' घातला. त्याच क्षणी बॉबने तिसरे अक्षर, म्हणजे 'ज', पुसले. दोघांच्या मनातला निकाल मिळून एकच व्हायला हवा: 'मगर'. बॉबच्या पडद्यावर होतेही तसेच. 'ज' पुसून 'गर' उरले, मग अ‍ॅलिसचा 'म' येऊन आरंभी बसला, 'मगर' झाले. पण अ‍ॅलिसकडे? तिच्यापुढे आता 'मगरज' आहे. बॉबचा निरोप येतो, "तिसरे अक्षर पूस." तिचा संगणक भाबडेपणाने तिसरे अक्षर पुसतो, आणि ते असते 'र'. उरते 'मगज'. एका पडद्यावर मगर आणि दुसऱ्यावर मगज! आणि दोघेही बिचारे समजत आहेत की आपण एकच मजकूर पाहत आहोत.

पुढचे संकट आपल्या ध्यानात येईलच. यानंतर दोघे जे लिहीत जातील ते वेगवेगळ्या पायावर रचले जाईल. तास-दोन तासांनी घोटाळा उघडकीला येईल, तेव्हा कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे हे ठरवता ठरवता दिवस मावळेल. चूक झाली आणि कोणाला कळलेच नाही, यासारखी वाईट चूक नाही.

यावर उपाय आहे. बॉबचा निरोप अमलात आणण्यापूर्वी, मध्यंतरी अ‍ॅलिसने काय बदलले याचा हिशेब करून तो निरोप दुरुस्त करून घ्यायचा. "आरंभी एक अक्षर वाढले आहे, तेव्हा तिसरे नव्हे, चौथे पूस." दोन्हीकडे 'मगर'. या प्रकारच्या हिशेबाची मांडणी १९८९ पासून होत आली आहे, आणि सारोसने स्वीकारलेली 'ज्युपिटर' ही पद्धत अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून १९९५ साली पुढे आली.

बरे, उपाय सापडला. पण तो सारोसमध्ये बरोबर बसला आहे, आज बसला असला तर उद्याच्या दुरुस्तीनंतरही बसलेला राहील, हे कशावरून? इथे परीक्षेचा प्रश्न येतो.

प्रोग्रामच्या लहान लहान भागांची परीक्षा घेणे सोपे आहे. जावा भाषेसाठी 'जेयुनिट' नावाचे एक साधन केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून लिहिले. त्याने वरचा हिशेब सुटा काढून तपासता येतो. पण हिशेब बरोबर म्हणजे सारे बरोबर असे नव्हे. माणूस हिशेबाशी बोलत नाही, तो पडद्याशी बोलतो. निमंत्रण धाडण्याचे बटण दाबले जाते का? समोरच्याकडे 'स्वीकार करा' असे विचारणारी चौकट उघडते का? मजकूर खरोखर त्याच्या पडद्यावर दिसतो का? गिरणीचा प्रत्येक दाता तपासला तरी पीठ पडते का हे गिरणी चालवूनच पाहावे लागते.

ही गिरणी माणसांनी चालवून पाहायची, तर तीन माणसे तीन संगणकांपुढे बसवावी लागतात. "आता तू लिही, आता तू पूस, तुझ्याकडे काय दिसते?" असा पुकारा करीत तास घालवायचा, आणि प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी माणूस डोळ्यांत तेल घालून पाहतो. दहाव्या दिवशी न पाहताच "ठीक आहे" म्हणतो. यात माणसाचा दोष नाही. कंटाळा हा मनुष्यस्वभावच आहे.

म्हणून कळ दाबणारे बोटच यंत्राचे करायचे. एक्लिप्ससाठी 'एसडब्ल्यूटीबॉट' नावाचे असे बोट आहे. "या नावाचे बटण शोध आणि दाब," "या पाटीवर हे लिही," असे सांगितले की ते करते. पण हे बोट ज्या एक्लिप्समध्ये बसले आहे तेवढ्यापुरतेच चालते, आणि सारोसला तर दोन-तीन एक्लिप्स एकदम लागतात. सारोसच्या कर्त्यांनी यावर अशी युक्ती केली की प्रत्येक एक्लिप्समध्ये एकेक बोट बसवले आणि त्या सर्वांना दुरून हुकूम देणारा एक सूत्रधार ठेवला. हुकूम पोचवायला जावा भाषेतच दूर-आज्ञेची सोय आहे, ती वापरली. या कळसूत्री पात्रांची नावे अ‍ॅलिस, बॉब आणि कार्ल. त्यांपैकी अ‍ॅलिस आणि बॉब ही जोडी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या, गुप्त लेखनाविषयीच्या एका निबंधापासून संगणकशास्त्रात घरचीच होऊन बसली आहे.

मग एक परीक्षा अशी चालते. सूत्रधार म्हणतो, "अ‍ॅलिस, बॉबला निमंत्रण दे. बॉब, चौकट उघडली की होकार दे. अ‍ॅलिस, पहिल्या ओळीत हे लिही. बॉब, तुझ्या पाटीवर काय आहे ते वाचून दाखव." वाचलेले आणि अपेक्षित असलेले जुळले तर उत्तीर्ण, नाही तर अनुत्तीर्ण. रात्री सगळे झोपलेले असताना हे नाटक चालवावे आणि सकाळी निकाल पाहावा.

वाचायला हे सरळ वाटते. पण सूत्रधाराने "बॉब, वाच" असे नेमके केव्हा म्हणायचे? अ‍ॅलिसने लिहिलेले बॉबकडे पोचायला किती वेळ लागेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते. नवशिका परीक्षक म्हणतो, "दोन सेकंद थांबू आणि मग वाचू." संगणकावर भार नसला तर दोन सेकंद फार होतात. अशा शेकडो परीक्षांत वेळ नुसता वाया जातो. भार असला तर दोन सेकंद अपुरे पडतात, आणि प्रोग्राम चांगला असूनही परीक्षा नापास होते. शहाणा परीक्षक घड्याळाकडे पाहत नाही, घटनेकडे पाहतो. "बॉबच्या पाटीवर हा मजकूर दिसेपर्यंत थांब," असे तो सांगतो. एसडब्ल्यूटीबॉटला अशी अट घालता येते. ते थोड्या थोड्या वेळाने डोकावून पाहते, अट पुरी झाली की लगेच पुढे जाते, आणि ठरलेली मुदत उलटली की हात वर करते. मूळची मुदत पाच सेकंदांची असते, ती वाढवता येते. चुलीवरचे दूध घड्याळ लावून कोणी उतरवत नाही, वर आलेले पाहून उतरवते. तसेच हे.

पण अटही विचार करून घालावी लागते. "अ‍ॅलिसचा आणि बॉबचा मजकूर सारखा झाला की पुरे," अशी अट घातली तर? दोन्ही पडद्यांवर 'मगज' आले तरी ते सारखेच! एका बाकावरच्या दोघांची उत्तरे तंतोतंत जुळली म्हणून ती बरोबर ठरत नाहीत, हे कोणत्याही शिक्षकाला सांगायला नको. म्हणून प्रश्न दोन विचारायचे: दोघांचे सारखे आहे का? आणि जे लिहायचे होते तेच आहे का?

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. आपली मगर-मगजाची गफलत केव्हा झाली? दोघांचे निरोप वाटेत एकमेकांना ओलांडून गेले तेव्हा. आता सूत्रधार जर शिस्तीने म्हणू लागला, "अ‍ॅलिस, लिही, पोचले का? पोचले. आता बॉब, पूस," तर निरोप कधी ओलांडणारच नाहीत. परीक्षा रोज उत्तीर्ण होईल आणि ज्या दोषासाठी ती मांडली तो दोष सुखाने आत नांदत राहील. तेव्हा निकाल पाहण्यापूर्वी थांबलेच पाहिजे, पण दोघांच्या लिहिण्यामध्ये मुळीच थांबता कामा नये. एवढे करूनही निरोप दर वेळी ओलांडतीलच असा नेम नाही. म्हणून अशी परीक्षा पुनःपुन्हा घ्यायची, आणि शिवाय निरोप मुद्दाम उशिरा पोचवून सुट्या हिशेबाची वेगळी परीक्षा घ्यायची.

थांबण्याचा हा हिशेब चुकला की लहरी परीक्षा जन्माला येते. आज पास, उद्या नापास, परवा पुन्हा पास, आणि प्रोग्राममध्ये तर कोणी अक्षरही बदललेले नाही. कधी तिचे कारण आदल्या परीक्षेत असते. अ‍ॅलिस-बॉबची मागची बैठक कोणी मोडली नाही, जुन्या फायली तशाच राहिल्या, आणि पुढच्या परीक्षेला मळका फळा मिळाला. तास संपला की फळा पुसून जावे हा नियम इथेही आहेच. कारण कोणतेही असो, लहरी परीक्षेचा परिणाम एकच होतो. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. दहा वेळा खोटी हाक आली की अकराव्या वेळी कोणी धावत नाही. "ती परीक्षा अशीच नापास होते, पुन्हा चालवा," असे लोक म्हणू लागतात, आणि ज्या दिवशी खराच लांडगा येतो त्या दिवशीही तेच म्हणतात. परीक्षा मुळीच नसती तर निदान माणसे सावध तरी राहिली असती.

आता शेवटचा प्रश्न. या सर्व परीक्षा चोख झाल्या, तर प्रोग्राम निर्दोष ठरला का? नाही. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७२ सालच्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात बजावले होते की परीक्षेने दोष आहे हे दाखवता येते, दोष नाही हे दाखवता येत नाही. सारोसच्या कर्त्यांना याची जाणीव होती असे दिसते. कारण त्यांनी प्लगइनमध्येच एक पहारेकरी बसवला. बैठक चालू असताना यजमानाच्या मजकुराची बेरजेसारखी एक खूण काढायची, इतरांकडील खुणेशी ती ताडून पाहायची, आणि फरक पडला तर त्या माणसाला सूचना देऊन यजमानाकडचा मजकूर पुन्हा आणण्याची सोय द्यायची. आपली परीक्षा कडक आहे, तरीही चूक राहिली असेल, हे आधीच मान्य करून केलेली ही व्यवस्था आहे.

तात्पर्य काय, तर एकट्याचे काम तपासताना त्याच्याकडे पाहिले म्हणजे भागते. दोघांचे सामाईक काम तपासायचे तर दोघांच्याही खांद्यावरून पाहावे लागते, आणि योग्य क्षणी पाहावे लागते. यंत्राचे बोट कंटाळत नाही, ही मोठी सोय खरी. पण केव्हा थांबायचे, केव्हा थांबायचे नाही आणि कशाला बरोबर म्हणायचे, हे तीन निर्णय त्या बोटाला माणसानेच सांगावे लागतात. ते चुकले, तर सकाळच्या निकालपत्रावर सगळीकडे 'उत्तीर्ण' लिहिलेले असते, आणि कुठेतरी दूर एका पडद्यावर मगर व दुसऱ्यावर मगज घेऊन दोन माणसे निर्धास्त लिहीत बसलेली असतात.