रिकाम्या वर्गातील पंखे आणि महाविद्यालयाचे वीजबिल

जून महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत महाविद्यालयीन प्रवेशाची धावपळ सुरू होते. शुल्काची पावती हाती पडल्यावर पालक तीमधील रकमा एकेक करून वाचतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना अशी नावे तीत असतात. विजेचे नाव सहसा नसते. तरीही वीजबिल भरले जाते ते त्याच पैशांतून, आणि ते वाढले की कात्री लागते ती बहुधा ग्रंथखरेदीला किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याला.

काही काळापूर्वी एका महाविद्यालयात सायंकाळच्या कार्यक्रमास जाण्याचा योग आला. व्हरांड्यातून जाताना ओळीने पाच वर्ग रिकामे दिसले. सर्वांत दिवे लागलेले, पंखे फिरत असलेले. सोबतच्या शिपाईमामांना विचारले, तर ते म्हणाले, “सर, सहाही वर्गांची बटणे एकाच बोर्डावर आहेत. शेवटच्या वर्गात तास चालू आहे. बंद केले तर सगळेच बंद होईल.” त्यांच्या या साध्या उत्तरात शिक्षणसंकुलांच्या ऊर्जाप्रश्नाचे मर्म सापडते, असे मला वाटते.

घरात जो पंखा लावतो, त्याच्याच घरी बिल येते. विद्यापीठात तसे नसते. विद्यार्थी पंखा लावतो, प्राध्यापक संगणक चालू ठेवतात, बिल लेखा विभागात जाते, आणि तारयोजना करणारा कंत्राटदार काम संपवून केव्हाच निघून गेलेला असतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अनावश्यक दिवे मालवण्यासारख्या लहान कृतींचाही उल्लेख केला आहे. तो प्रत्येकाने मनावर घ्यावाच. परंतु जेथे बटणच वेगळे नाही, तेथे सद्भावना असूनही दिवा मालवता येत नाही. म्हणून संकुलातील वीजबचत केवळ सूचनाफलक लावून होत नाही. ती कोणाची तरी नेमलेली जबाबदारी असावी लागते.

थोडा हिशेब मांडून पाहू. समजा, एका महाविद्यालयात 60 वर्ग आहेत आणि प्रत्येकात 6 पंखे, म्हणजे एकूण 360 पंखे. जुना छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे 75 वॅट वीज घेतो. ‘बीएलडीसी’ मोटरचा नवा पंखा साधारण 30 वॅटमध्ये जवळजवळ तेवढाच वारा देतो. दिवसाला 7 तास आणि वर्षाला 220 दिवस धरले, तर पंखे बदलल्याने सुमारे 25 हजार युनिट वाचतात. प्रतियुनिट 10 रुपये दर धरल्यास ही बचत अडीच लाख रुपयांची होते. एका पंख्याला 2,800 रुपये मोजले, तर गुंतवलेली दहा लाखांची रक्कम चार वर्षांत वसूल होते. ट्यूबलाइटचे गणितही याच जातीचे: लोखंडी चोक असलेली जुनी नळी चोकसह 50 वॅटच्या आसपास जाते, एलईडी नळी 20 वॅटमध्ये भागते.

आता दुसरी बाजू पाहा. तेच जुने पंखे दिवसातून दोन तास रिकाम्या वर्गांत फिरत असतील, तर वर्षाला जवळजवळ 12 हजार युनिट निव्वळ वाया जातात. ही गळती थांबवण्यासाठी नवा पंखा लागत नाही. लागतो तो वायरमनचा काही दिवसांचा वेळ, काही मीटर तार आणि प्रत्येक वर्गाच्या दाराशी एक बटण. आश्चर्य असे, की पंखेखरेदीचा प्रस्ताव व्यवस्थापन समितीत लवकर मंजूर होतो, बटणांचा मात्र कोणी मांडतही नाही.

उच्चदाब जोडणी असलेल्या मोठ्या संकुलांना बिलात युनिटांखेरीज ‘मागणी आकार’ही भरावा लागतो. महिन्यातील ज्या थोड्या वेळात सर्वाधिक भार एकदम पडला, त्या नोंदीचा या आकाराशी संबंध असतो. सकाळी नऊ वाजता सभागृह, कार्यालय आणि संगणककक्ष यांची वातानुकूलन यंत्रे पंपांसह एकाच वेळी सुरू झाली, तर त्या अर्ध्या तासाची किंमत महिनाभराच्या बिलात दिसते. पाण्याचे पंप इतर यंत्रांच्या आधी किंवा नंतर चालवणे एवढ्यानेही हा शिखरभार उतरतो.

वातानुकूलनाविषयी आपल्याकडे एक गैरसमज दृढ आहे: यंत्र 18 अंशांवर ठेवले की खोली लवकर थंड होते. नेहमीच्या यंत्राच्या बाबतीत तसे होत नाही. ते केवळ अधिक वेळ चालत राहते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 साली 24 अंशांची शिफारस केली. तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते, असा तिचा आधार होता. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय कार्यालयांतील माणसांना किती उष्णता सुसह्य वाटते, याचा अभ्यास करून 2014 साली एक प्रारूप मांडले. बाहेरच्या हवामानाची सवय असलेल्या आणि खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींतील माणसांना, उन्हाळ्यात 28 अंशांच्या आसपासही अस्वस्थ वाटत नाही, असे त्यातून दिसले. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेने या प्रारूपाची दखल घेतली.

इमारत बांधतानाच केलेला विचार सर्वांत स्वस्त पडतो. आयआयटी कानपूरच्या पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी केंद्राच्या इमारतीला ‘गृह’ या भारतीय मानांकनाचे पाच तारे मिळाले. तेथे बाहेरची हवा जमिनीखाली पुरलेल्या नळ्यांतून आत घेतली जाते. काही मीटर खोलीवर मातीचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. म्हणून कानपूरची मे महिन्यातील लू नळ्यांतून येताना निवते आणि जानेवारीची बोचरी हवा ऊबदार होते. ही कल्पना मोहक असली तरी वसई किंवा मुंबईत ती जशीच्या तशी उचलू नये. आपल्याकडे उष्णतेपेक्षा दमटपणा अधिक त्रास देतो, आणि हिवाळा तर नावालाच असतो. आपल्या किनाऱ्याला उपयोगी पडतात ते उंच छत, खोल व्हरांडे आणि समोरासमोरच्या खिडक्या. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातील एकोणिसाव्या शतकातील इमारतींत यातील बरेच काही पाहावयास मिळते. त्या व्हरांड्यांना हौसेने काचा लावणे आणि मग आत वातानुकूलन बसवणे, हा प्रकार अनेक जुन्या संस्थांत झाला आहे. नव्या इमारतींत पश्चिमेकडे काचेची भिंत उभारणे हा त्याचाच धाकटा भाऊ!

संशोधन प्रयोगशाळांचे दुखणे निराळे असते. वातानुकूलित प्रयोगशाळेत ‘फ्यूम हुड’ची काच उघडी राहिली, तर पैसे मोजून थंड केलेली हवा अखंड बाहेर फेकली जाते. नमुने साठवण्याचे उणे 80 अंशांचे शीतकपाट तर एखाद्या कुटुंबाइतकी वीज एकटेच घेते.

जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने एक व्यवहारी उत्तर शोधले. या शतकाच्या आरंभी तेथे फिरता कर्जनिधी उभारण्यात आला. पुढे तो 1 कोटी 20 लाख डॉलरपर्यंत वाढला. विभागांनी त्यातून रक्कम घेऊन ऊर्जाबचतीचे काम करायचे, आणि बिलात वाचलेल्या पैशांतूनच ती परत करायची. आपल्या लहान महाविद्यालयांनाही दोन-तीन लाखांचा असा निधी ठेवता येईल. वाचलेल्या रकमेचा काही वाटा त्या विभागाच्या ग्रंथांसाठी राखला, तर विभागप्रमुखही बटणांकडे लक्ष देऊ लागतील.

आरंभ मात्र यंत्रखरेदीने करू नये. शाळा-महाविद्यालयांच्या समित्यांवर आपल्यापैकी अनेकजण आहेत. त्यांनी एका रात्री 11 वाजता आणि पहाटे 5 वाजता मुख्य मीटरचे आकडे टिपण्यास पहारेकऱ्यास सांगावे. दोहोंतील फरकाला बिलावर छापलेल्या गुणकाने गुणावे आणि सहाने भागावे. संकुल झोपलेले असताना किती किलोवॅट वीज घेते, ते कळेल. सर्व्हर आणि आवारातील दिवे यांना लागणारी वीज वजा करता 10 किलोवॅट उरले, तर रोज रात्रीच्या 10 तासांच्या हिशेबाने वर्षाला 36,500 युनिट जातात, म्हणजे वरील 360 पंखे बदलून वाचतात त्याहूनही अधिक. मग दुसऱ्या रात्री वायरमनला सोबत घेऊन एकेका मजल्याचा पुरवठा तपासत जावे. पाण्याचे कूलर, चालू राहिलेले संगणक, भरून वाहणाऱ्या टाकीचा पंप, असे काही ना काही हाती लागेल.