संगणकाची रोजनिशी आणि तिची रद्दी

आमच्या परिचयाच्या एका माध्यमिक शाळेत काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट. मार्च महिन्याचा मध्य होता आणि तोंडी परीक्षेचे गुण संगणकावर भरण्याचे काम चालू होते. गुण भरायचे, जतन करण्याची आज्ञा द्यायची, की पडद्यावर एकच उत्तर येई : डिस्कवर जागा नाही. आदल्या दिवशीपर्यंत सारे सुरळीत होते. संगणक कक्ष सांभाळणाऱ्या सरांनी शोध घेतला, तेव्हा एकच फाईल तब्बल पाच गिगाबाइटची झालेली सापडली. तिच्या नावाच्या शेवटी ‘लॉग’ असे होते. नोंदीच त्या, त्यांचा काय उपयोग, असे म्हणून सरांनी ती पुसून टाकली. फाईल यादीतून गेली, पण जागा काही मोकळी झाली नाही! शेवटी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा कुठे पाच गिगाबाइट परत मिळाले आणि गुण भरून झाले.

दुसऱ्या दिवशी तीच फाईल पुन्हा वाढू लागली. या वेळी सरांनी ती उघडून पाहिली. आत एकच वाक्य हजारो वेळा लिहिलेले होते : अमुक पत्त्यावरचे यंत्र उत्तर देत नाही. पत्ता म्हणजे नुसते आकडे. ते कोणालाच ओळखू येईनात. ही तक्रार केव्हापासून सुरू झाली हे कळले असते तर त्या दिवशी शाळेत काय बदलले होते ते आठवता आले असते. पण पहिली ओळ आदल्या दिवशीच पुसली गेली होती. त्यानंतर आम्हाला बोलावणे आले.

लॉग हा शब्द जहाजावरून आला. दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा आणि ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सरकतात ते मोजून जहाजाचा वेग काढायचा, अशी जुनी पद्धत होती. वेगाचे आकडे ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक. (सागरी वेगाचे ‘नॉट’ हे एकक याच गाठींवरून आले.) संगणकातही अशा वह्या असतात. काही वह्यांत घडलेल्या घटना लिहिल्या जातात : कोण आत आले, कोणता प्रोग्रॅम बंद पडला, कोणते यंत्र उत्तर देत नाही. काही वह्यांत ठरावीक अंतराने यंत्राची नाडी मोजलेली असते : प्रोसेसर किती व्यग्र आहे, स्मृती किती भरली, डिस्कवर सेकंदाला किती लिहिले गेले. पहिल्या प्रकारच्या वह्या केव्हा किती फुगतील याचा नेम नसतो. दुसऱ्या प्रकारच्या वह्या रोज सारख्याच वाढतात.

शाळेतल्या त्या फाईलीचे गणित मुलांकडून करून घेण्याजोगे आहे. एक ओळ साधारण १०० अक्षरांची, म्हणजे १०० बाइटांची. प्रोग्रॅम सेकंदाला अशा ५० ओळी लिहीत होता. शाळेचे ८ तास म्हणजे २८,८०० सेकंद. १०० × ५० × २८,८०० = १४,४०,००,००० बाइट, म्हणजे दिवसाला १४४ मेगाबाइट. डिस्कवर पाच गिगाबाइट जागा शिल्लक असेल तर ती शाळेच्या ३५ दिवसांत भरते. हा ३५चा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

आता पुसलेल्या फाईलीचे कोडे पाहू. शाळेतला तो संगणक लिनक्सवर चालत होता. लिनक्स आणि युनिक्सच्या घराण्यातल्या इतर प्रणालींत फाईल आणि फाईलीचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला एक क्रमांक असतो. वर्गाच्या हजेरीपटावर नाव बदलले, तुकडी बदलली, तरी रजिस्टरचा क्रमांक तोच राहतो. तसेच येथे प्रत्येक फाईलीला एक क्रमांक असतो, आणि डिरेक्टरी म्हणजे ‘हे नाव, हा क्रमांक’ एवढाच हजेरीपट. प्रोग्रॅम फाईल उघडताना एकदाच नाव वापरतो. त्यानंतर तो थेट त्या फाईलीशी जोडलेला राहतो. सरांनी पुसले ते हजेरीपटावरचे नाव. लिहिणारा प्रोग्रॅम आपला लिहीतच होता. नावही उरले नाही आणि फाईल उघडून बसलेला प्रोग्रॅमही उरला नाही, म्हणजेच जागा मोकळी होते. संगणक बंद केल्यावर प्रोग्रॅम थांबला आणि जागा सुटली. फाईल पुसण्याऐवजी तिच्या सुरुवातीच्या काही ओळी दुसरीकडे उतरवून घेऊन मग ती नुसती रिकामी केली असती, तर जागा तत्काळ मिळाली असती आणि तारीखही हाती राहिली असती.

खरे तर ही वेळच येऊ नये म्हणून नोंदवह्यांची फेरपालट करतात. पिकांच्या फेरपालटीशी हिचे नावापुरतेच साम्य आहे. चालू वहीला ‘१’ हे नाव द्यायचे, जुन्या १ला २ करायचे, २ला ३, ३ला ४, आणि जुनी ४ रद्दीत टाकायची. या आज्ञा एका फाईलीत ओळीने लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. क्रम मात्र उलटा लागतो, आणि तो का हे फळ्यापेक्षा बाकांवर चांगले कळते. एकामागे एक पाच बाक घ्यावेत, त्यांना ० ते ४ क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकावर एक मूल बसवावे. नियम असा, की बसलेल्या बाकावर दुसरे मूल आले की आधीच्याने वर्गाबाहेर जायचे. आता ‘० वरचा १ वर जा, १ वरचा २ वर जा’ असे पुढून सुरू करून पाहा. पहिलेच मूल एकेकाला बाहेर घालवत ४ वर पोचते आणि वर्गात ते एकटेच उरते! मागून, म्हणजे ‘३ वरचा ४ वर जा’ पासून सुरुवात केली तर एकच मूल बाहेर जाते आणि ० चा बाक नव्या वहीसाठी रिकामा होतो. नवशिक्यांच्या स्क्रिप्टमध्ये ही चूक आम्ही पुष्कळदा पाहिली आहे.

पण नाव बदलले तरी प्रोग्रॅम जुन्याच फाईलीत लिहीत राहणार, हे आपण आताच पाहिले. म्हणून फेरपालट झाल्यावर प्रोग्रॅमला ‘वही मिटून नवी उघड’ असा इशारा द्यावा लागतो. या इशाऱ्याचे नाव हँग-अप, म्हणजे फोन ठेवणे. टेलिफोनच्या तारेवरून संगणक वापरत त्या काळात तार तुटली की प्रोग्रॅमला हा इशारा मिळे. पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमांना तार नसतेच, तेव्हा त्यांच्यापुरता तो इशारा नव्या कामाला लावला गेला. काही प्रोग्रॅम हा इशारा ओळखत नाहीत. त्यांच्या बाबतीत वहीची नक्कल करून मूळ वही कोरी करतात. नक्कल संपणे आणि वही कोरी होणे यांच्या मधल्या क्षणात लिहिलेल्या ओळी मात्र हरवतात. लिनक्सवर हे सारे करणारा लॉगरोटेट नावाचा प्रोग्रॅम आहे. आपण कोणती वही केव्हा पालटली हे तो स्वतःच्या एका छोट्या वहीत टिपून ठेवतो, त्यामुळे दिवसातून दोनदा चालवला तरी रोजची वही दोनदा पालटली जात नाही. जुन्या वह्या तो आवळूनही ठेवतो. लॉगमध्ये तीच ती वाक्ये फार, आणि आवळण्याची रीत अशी की मजकूर पुन्हा आला तर तो न लिहिता ‘इतकी अक्षरे मागे जा, इतकी उतरवून घे’ एवढेच लिहायचे. साहजिकच लॉगची फाईल कित्येकदा दहाव्या हिश्श्यावर येते.

शाळेच्या संगणकावर लॉगरोटेट होते. मग फेरपालट का झाली नाही? ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉन या प्रोग्रॅमला एक ओळ लिहून द्यावी लागते. तीत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने असतात. तेथे ‘१० २ * * *’ असे होते, म्हणजे रोज रात्री २ वाजून १० मिनिटांनी. आणि शाळेचा शिपाई संध्याकाळी न चुकता मेन स्विच बंद करत असे! गेलेली वेळ क्रॉन भरून काढत नाही. त्यासाठी अॅनाक्रॉन नावाचा त्याचा भाऊबंद आहे. मागच्या वेळी काम होऊन किती दिवस लोटले ते तो पाहतो आणि संगणक सुरू झाल्यावर राहिलेले काम उरकतो.

राहता राहिली तक्रारीची तारीख. ती मिळाली दुसऱ्या प्रकारच्या वह्यांतून. त्या संगणकावर सिसस्टॅट हा प्रोग्रॅमांचा संच दर १० मिनिटांनी यंत्राची नाडी टिपत होता (पूर्ण दिवस चालला तर अशा १४४ नोंदी होतात). त्याच्या फाईलींची नावे फक्त तारखेवरून, ०१ ते ३१. पंधरा तारखेला त्याला गेल्या महिन्याची १५ क्रमांकाची फाईल दिसली की ती खोडून तो तिच्यावरच नवी लिहितो. त्यामुळे महिन्याभरात फेरपालट आपोआप होते. जुन्या फाईली काढून टाकणारी वेगळी स्क्रिप्टही या संचात असते, पण तीही रात्रीची, म्हणून तीही चालली नव्हती.

आम्ही फाईली क्रमाने उघडत गेलो. मार्चच्या फाईलींत डिस्कवरचे लेखन एका संथ, सपाट रेषेत दिसत होते. १६ ते २८ क्रमांकाच्या फाईली फेब्रुवारीच्या; त्यांतही तीच रेषा. पण ३० आणि ३१ क्रमांकाच्या? फेब्रुवारीत त्या तारखा येतच नाहीत, म्हणून तेथे जानेवारीच्या फाईली न खोडता तशाच राहिल्या होत्या. त्यांत ती रेषा नव्हती. म्हणजे सुरुवात ३१ जानेवारी आणि १६ फेब्रुवारी यांच्या मध्ये कुठेतरी. मार्चच्या मध्यापासून शाळेचे ३५ दिवस मागे मोजले तर आपण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या आठवड्यात ग्रंथालयातला जुना प्रिंटर काढून नेला होता, हे ग्रंथपालबाईंना लगेच आठवले. नसलेल्या प्रिंटरला एक प्रोग्रॅम सेकंदाला पन्नास हाका मारत होता!

आमचे काम भागले ते योगायोगाने. एप्रिलमध्ये हाच प्रकार घडता तर मार्चच्या ३० आणि ३१ तारखांनी जानेवारीचा पुरावा खोडला असता. मग सगळ्याच नोंदी कायमच्या का ठेवू नयेत? जागा अपुरी पडते, म्हणून एक मधला मार्ग काढतात. नव्या नोंदी बारकाईने ठेवायच्या, जुन्यांची सरासरी काढून ती तेवढी ठेवायची. स्वित्झर्लंडच्या टोबियास ओटिकर यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केलेला आरआरडीटूल हा प्रोग्रॅम याच तत्त्वावर चालतो. त्याच्या फाईलीचा आकार पहिल्या दिवशी ठरतो तो कधी वाढत नाही. पण सरासरी काय गिळते तेही पाहावे. प्रोसेसर २ मिनिटे १०० टक्के व्यग्र आणि उरलेली ८ मिनिटे ५ टक्के व्यग्र असेल, तर दहा मिनिटांची सरासरी २४ येते. दिवसाच्या इतर १४३ नोंदी ५ टक्क्यांच्या धरल्या तर दिवसाची सरासरी फक्त ५.१३! यंत्र दोन मिनिटे गुदमरले होते याचा मागमूसही उरत नाही. म्हणून सरासरीबरोबर त्या अवधीतला सर्वांत मोठा आकडाही ठेवण्याची सोय आरआरडीटूलमध्ये आहे. ती अवश्य वापरावी.

संगणकाच्या कितीतरी आधी मुंबईत याचे एक मोठे उदाहरण घडले आहे. सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीवर जबरदस्त चुंबकीय वादळ झाले. कुलाबा वेधशाळेत तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी नेहमी तासातासाने घेत, आणि सुई अस्वस्थ झाली की त्याहून जलद. (पुढे ट्रामचे विद्युतीकरण होणार म्हणून १९०४मध्ये हे काम अलिबागला हलवले गेले.) त्या नोंदी जपल्या गेल्या. त्यांच्या आधारे अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी २००३मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, दाखवले की क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खचले होते. त्याच आकड्यांची तासाची सरासरी काढली तर ही घसरण बरीच कमी दिसते. निरीक्षकांनी त्या दिवशी तासाची वाट पाहिली असती तर?

किती दिवस ठेवायचे हे काही ठिकाणी कायद्याने ठरते. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सेवा पुरवणारे, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग सरकत्या १८० दिवसांसाठी जपावेत असे सांगितले आहे. सरकत्या म्हणजे, आज जी नोंद १८१ दिवसांची झाली तीच काढायची. आठवड्याला एक फेरपालट आणि चार जुन्या वह्या, ही लॉगरोटेटच्या नमुना मांडणीतली नेहमीची योजना तेथे पुरणार नाही.

शाळेत आम्ही अॅनाक्रॉन बसवून दिला. घटनांच्या वह्या आता रोज सकाळी पालटतात, आणि एखादी वही फार फुगली तर दिवस संपायची वाट न पाहता पालटते. नाडीच्या फाईलींना नुसत्या तारखेऐवजी वर्ष, महिना, तारीख असे पूर्ण नाव दिले आणि त्या पूर्ण शैक्षणिक वर्षभर ठेवायचे ठरले. एका दिवसाची फाईल काही लाख बाइटांचीच, तेव्हा त्यात चैन अशी काही नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळाची बॅटरी मात्र अजून बदलायची आहे. ती संपली की मेन स्विच बंद होताच संगणकाची तारीख काही वर्षे मागे जाते, नव्या नोंदींवर जुन्या तारखा पडतात, आणि कोणी घड्याळ नीट लावले की वय पाहून रद्दी काढणारी स्क्रिप्ट कालच्या नोंदी वर्षानुवर्षांच्या समजून पुसून टाकते.